उशीचा मान

१४ नोव्हेंबर १८४२

काउंटेस थेक्लाबाईंनी आज मला खुर्चीत कसं बसायचं ते पुन्हा शिकवलं. चालायला लागल्यापासून मी खुर्चीत बसत आले आहे, पण इथल्या मते तो सगळा सराव फुकट गेला. पाठ टेकायची नाही, पाय दिसू द्यायचे नाहीत, आणि राणीसाहेब खोलीत असतील तर बसायचंच नाही. सातवा महिना लागला असला तरी नाही. मी म्हटलं, मग मूलही उभ्यानंच होऊ द्या. बाईंच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही. म्हणाल्या, बाळंतपणाचे नियम वेगळे आहेत, ते डिसेंबरात सांगेन.

थेक्लाबाईंना सासूबाईंनी, म्हणजे राणीसाहेबांनी, माझ्यावर नेमलं आहे. हातात हस्तिदंती मुठीची काठी, अंगात काळं रेशीम, आणि तोंडात नियम. सासूबाई नववधू म्हणून इथे आल्या तेव्हाही त्यांच्या दिमतीला याच होत्या म्हणे. मी काय खाते, केव्हा शिंकते, आईची आठवण काढून केव्हा रडते, हे सगळं पलीकडच्या महालात पोचतं यात मला तिळमात्र शंका नाही.

दुपारी जिन्यावर माझा पाय घसरला. बाजूला दोन नोकर उभे होते. दोघांनीही हात मागे बांधून घेतले आणि मी कठडा पकडून कशीबशी सावरले. मी संतापले तर थेक्लाबाई म्हणाल्या, "युवराज्ञींच्या अंगाला त्यांचे पती, डॉक्टर आणि दाई सोडून कुणीही हात लावू शकत नाही. आपण पडत असाल तरी नाही. आपण कुठे निघाला असाल तरी नाही."

माझ्या बापाचं ग्राइफेनरोडे संस्थान एवढंसं आहे की घोडा उधळला तर शेजारच्या राज्यात जाऊन थांबतो. पण तिथे कुणी पडलं तर लोक हात देतात.

३ डिसेंबर

एगोनकडून आज एकदाचं काढून घेतलं. सोपं नव्हतं. माझ्या नवऱ्याला अवघड प्रश्न विचारला की तो हवा सांगतो. त्याच्या खोलीत भिंतभर वायुभारमापकं टांगली आहेत. त्यांच्याकडे बघत "पारा उतरतोय, बर्फ पडेल" असं म्हणाला की समजायचं, साहेबांनी पळ काढला.

तर गोष्ट अशी. या घराण्यात थोरल्या मुलाला बाप्तिस्म्यासाठी लाल मखमलीच्या उशीवर घालून चर्चमध्ये नेतात. ती उशी जिच्या हातात, तिच्याच महालात ते मूल सात वर्षांचं होईपर्यंत राहतं. आणि उशीचा मान आजीचा. बापाच्या आईचा. बाळाच्या आईनं तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत बसायचं. चाळिसाव्या दिवशी पाद्री येऊन हात धरून चर्चमध्ये नेईपर्यंत तिनं उंबरा ओलांडायचा नाही. म्हणजे तिचा विटाळ फिटेपर्यंत मूल राजवाड्याच्या दुसऱ्या टोकाला रुळलेलं. मग दर रविवारी प्रार्थनेनंतर तिला त्याला बघता येतं. दायांच्या देखत.

मी विचारलं, आणि मुलगी झाली तर? तो म्हणाला, मुलीला उशी नसते. मुलगी आईपाशीच राहते.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं जग म्हणतं. इथे आठही दिवस सासूचेच दिसतात. सगळं राज्य मुलगा व्हावा म्हणून मेणबत्त्या लावतंय. आजपासून मी एकटी मुलीसाठी लावणार.

२४ डिसेंबर

नाताळचं जेवण. कार्प मासा स्वयंपाकघरापासून इथवर येईपर्यंत गारठलेला असतो, कारण वाटेत तो तिघांनी चाखायचा असतो. सासरेबुवा महाराज आपल्या घड्याळाला किल्ली देत बसले होते. त्यांचं माशाकडे लक्ष नव्हतं आणि माणसांकडे तर कधीच नसतं.

जेवण झाल्यावर मी सासूबाईंना गाठलं. एरवी त्यांच्याशी आपण होऊन बोलायचं नसतं. मी बोलले. म्हटलं, माझं मूल माझ्यापाशी राहू द्या, मी त्याला स्वतः पाजणार आहे, माझ्या आईनं आम्हा सगळ्यांना पाजलं. बाजूच्या बायकांनी पंखे तोंडावर घेतले, जणू मी भर दरबारात काही घाण बोलले.

सासूबाई उंच आहेत, शिडशिडीत आहेत, आणि मी त्यांना हातमोज्यांशिवाय कधी पाहिलेलं नाही. बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मलाही कुणी विचारलं नव्हतं. मी फार थांबले आहे, ओटिलिए."

आणि निघून गेल्या. कशासाठी थांबल्या आहेत कोण जाणे. सगळं राज्य तर त्यांच्याच मुठीत आहे.

११ जानेवारी

डोंगरातल्या गावातून दूधआई आणली. नाव क्रेशेन्स. धिप्पाड, लाल गालांची, माझ्याहून जेमतेम मोठी. दोन डॉक्टरांनी तिचे दात पाहिले, अंग दाबून पाहिलं, बाजारात गाय घ्यावी तसं. ती गप्प उभी होती. ते गेल्यावर मला म्हणाली, "बाईसाहेब, शेपूट तेवढं बघायचं ऱ्हायलं त्येंचं."

किती दिवसांनी हसले मी! पोटातलंही हललं.

हसून झाल्यावर विचारलं, तुझं मूल कुठे आहे?

"भनीपाशी हाय. शेळीच्या दुधावर घातलंय." तिनं ॲप्रनला हात पुसले. ते कोरडेच होते. "न्हाई म्हनायला व्हतं का? शिपाई आलं व्हतं घोड्यावर."

७ फेब्रुवारी

मुलगा. शनिवारी पहाटे.

पडद्यामागे दोन मंत्री आणि एक बिशप साक्षीला बसवले होते, पाळण्यात दुसरं कुणाचं मूल घालू नये म्हणून. त्यांतला एक घोरत होता. मी इकडे जीव खाऊन ओरडतेय आणि तिकडून ते घोरणं. मला वाटतं त्या रागातच मूल बाहेर आलं.

दाईनं मुलगा झाल्याचं सांगितलं आणि मी रडायला लागले. तिला वाटलं आनंदानं. तोफा सुरू झाल्या, घंटा वाजायला लागल्या. मला वाटलं, एकेक तोफ मलाच मारतायत.

मग त्यांनी त्याला माझ्या शेजारी ठेवलं. त्याच्या कपाळावर आठी होती. थेट माझ्या बापाची आठी, सारा वाढवल्यावर शेतकरी तक्रार घेऊन आले की पडते ती. मी मुलीसाठी किती मेणबत्त्या जाळल्या ते त्या क्षणी विसरले. देवा, तू माझं ऐकलं नाहीस, बरं केलंस. पण याला मी देणार नाही. तुलाही सांगून ठेवते.

१० फेब्रुवारी

पाजलं! क्रेशेन्सनंच दाखवलं. माझ्या पाठीमागे उशा खोचल्या, त्याचं डोकं हातावर कसं घ्यायचं ते दाखवलं, आणि म्हणाली, "दुखंल. दुखू द्या. चार दिसांनी त्येला बी कळंल आन् तुमाला बी." दुखलं. डोळ्यांत पाणी आलं. तरी मी आयुष्यात इतकी खूष कधी नव्हते.

नेमक्या तेव्हाच थेक्लाबाई आत आल्या. लपवायला वेळच नव्हता. मी मान वर करून बघत राहिले, म्हटलं आता काय व्हायचं ते होऊ दे. त्यांनी एकदा पाहिलं आणि माझ्याकडे पाठ फिरवली. चक्क पाठ! दारापाशी जाऊन पडद्यांवरची धूळ बघत उभ्या राहिल्या. सासूबाईंची एक बाई चौकशीला आली तर तिला दारातूनच परत पाठवलं, आत साफसफाई चालू आहे म्हणून. बाळाचं पोट भरेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

माझं तोंडही बघवत नव्हतं म्हणायचं. नाही तर नाही.

१३ फेब्रुवारी

बाप्तिस्मा रविवारी. फादर अल्बान आज आशीर्वाद द्यायला आले. म्हातारे आहेत, एका कानानं ऐकतात. मी सरळ विचारलं, मला उद्याच चर्चमध्ये न्या, चाळीस दिवस कशाला? ते म्हणाले, राणीसाहेबांची परवानगी नाही.

"मग मी तशीच उंबरा ओलांडला तर?"

"आजवर कुणी ओलांडलेला नाही, युवराज्ञी."

"पाप लागेल का?"

त्यांनी ऐकू येत नसल्याचं सोंग करून पाहिलं. मी चांगल्या कानाच्या बाजूला गेले आणि पुन्हा विचारलं.

"पाप... असं म्हणता येणार नाही. रूढी आहे."

"म्हणजे पाप नाही."

"मी तसं म्हणालो नाही."

"तुम्ही तसंच म्हणालात, फादर."

ते घाईघाईनं उठले आणि टोपी विसरून गेले.

१८ फेब्रुवारी

उद्या त्याला नेतील. आज एगोनला शेवटचं सांगून पाहिलं. तू बाप आहेस, तू नाही म्हण. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, वारा पूर्वेचा आहे. माझ्या हातात बिअरच्या सुपाचा वाडगा होता. बाळंतिणीला इथे दिवसातून दोनदा ते पाजतात. मी तो भिंतीवर भिरकावला.

एगोन सुपाचे ओघळ बघत राहिला. मग एकदम बोलायला लागला, हवा सोडून. म्हणाला, "सात वर्षांचा होईपर्यंत मी आईला रविवारीच बघायचो. ती माझी आई आहे हे मला सांगितलं होतं, पण मला वाटायचं, आई म्हणजे रविवारी येणारी बाई. आमच्याकडे बुधवारी घड्याळं दुरुस्त करणारा यायचा, तशी."

"मग तुझ्या मुलालाही रविवारची बाई हवी का?"

त्याचे ओठ हलले. मी थांबले, खरंच थांबले. तो म्हणाला, पारा फार उतरला आहे, आणि गेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

संध्याकाळी थेक्लाबाई आल्या. मला वाटलं, निदान दोन शब्द धीराचे बोलतील. छे! बाई नियम सांगायला आल्या होत्या. उद्या दारावर दोन शिपाई असतील. युवराज्ञी समोर आल्या की त्यांनी दोन्ही हातांनी बंदूक उभी धरून सलामी द्यायची असते आणि युवराज्ञी दिसेनाशा होईपर्यंत हात सोडायचे नसतात. शिवाय युवराज्ञी आपल्या दालनाबाहेर पडल्या तर काठी घेऊन पुढे चालणं हे काउंटेसचं कर्तव्य आहे. काठी आपटली की कोणतंही दार उघडावंच लागतं. आणि राणीसाहेब चर्चमध्ये असताना कुणालाही त्यांच्याकडे पाठ करता येत नाही.

"उद्या आपण कुठे जाणार नाहीच," त्या म्हणाल्या. "पण माहीत असलेलं बरं."

माझं मूल चाललंय आणि ही मला सलामीचे नियम शिकवते! मी भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. त्यांनी तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

डोळे मिटतायत. तरी आजचं आजच लिहिणार.

सकाळी त्या आल्या. सहा बायका, आणि मध्ये ती उशी. क्रेशेन्सला त्याला पाजू दिलं नाही, झालरीचा झगा खराब होईल म्हणून. त्याला उशीवर बांधलं, हो, बांधलं, रेशमी फितीनं, आणि घेऊन गेल्या. क्रेशेन्सलाही मागून नेलं. तो दाराबाहेर गेल्यावर रडायला लागला. लांब लांब जाणारं ते रडणं मी ऐकत होते. मग घंटा सुरू झाल्या आणि ऐकू येईना.

खोलीत मी आणि थेक्लाबाई. माझा निळा पोशाख खुर्चीवर पसरून ठेवलेला होता. कशाला काढला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, हवा लागावी म्हणून. फेब्रुवारीत!

आणि मला एकदम सुचलं. कुठून सुचलं देव जाणे. मला कुणी हातच लावू शकत नाही तर अडवणार कोण?

मी तो पोशाख चढवला. मागची बटणं लागेनात. थेक्लाबाईंनी अंगाला बोट न लागू देता लावून दिली. मग मी दार उघडलं. बाहेर दोन तरणे शिपाई. मला बघून त्यांचे डोळे विस्फारले, आणि दोघांनी खाडकन बंदुका उभ्या धरल्या. दोन्ही हात अडकले. मी उंबऱ्याकडे पाहिलं. साधं लाकूड होतं, मधोमध झिजलेलं. ओलांडलं.

"मी आपल्याला हात लावू शकत नाही, युवराज्ञी," थेक्लाबाई मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्या बोळात ऐकू जाईल अशा. "कुणीच लावू शकत नाही." आणि काठी घेऊन माझ्या पुढे चालायला लागल्या. काय म्हणावं या बाईला! मी त्यांच्या राणीविरुद्ध बंड करायला निघाले, तरी नियम म्हणून पुढे चालतेय. दर दाराशी काठी आपटायची आणि दार उघडायचं. मी भिंतीला धरून मागे. वाटेत एकदा मला भोवळ आली, तेव्हा त्या थांबल्या. त्यांनी मागे पाहिलं नाही, नुसत्या थांबल्या. मी सावरल्यावर पुन्हा काठी वाजली.

चर्चमध्ये सगळा दरबार पाठमोरा होता. पुढे सासूबाई, पसरलेल्या हातांवर उशी, आणि उशीवर माझा मुलगा जीव तोडून रडतोय. त्याचा आवाज कानावर पडला आणि माझं दूध वाहायला लागलं. निळ्या रेशमावर डाग पसरत गेला. मला लाज वाटली नाही. ज्यांना वाटायची त्यांना वाटू दे.

मी मधल्या वाटेनं चालायला लागले. कुजबुज उठली. दरबारच्या व्यवस्थेचे गलेलठ्ठ बॅरन मला थोपवायला निघाले, पण राणीकडे पाठ करता येत नाही, म्हणून मागच्या मागे पावलं टाकत माझ्याकडे आले आणि मेणबत्तीच्या उंच समईवर आदळले. मी त्यांना वळसा घालून गेले.

सासूबाई पाण्याच्या कुंडापाशी उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं. उशी छातीशी घेतली नाही, तशीच पुढे धरलेली होती, परात धरतात तशी. राणीच्या हातातली वस्तू काढून घेता येत नाही, हेही मला शिकवलेलं. उशी मला नकोच होती. मी फीत सोडली आणि माझं मूल उचलून घेतलं. ते माझ्या खांद्यावर आलं, दोनदा हुंदकलं आणि गप्प झालं.

फादर अल्बाननी पुस्तक उघडलं. "या मुलाला इथे कोणी आणलं आहे?"

"मी," मी म्हणाले. "त्याच्या आईनं."

सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज खिशातल्या घड्याळाकडे बघत होते. माझे गुडघे वाकायला लागले. आता मी मुलासकट पडणार आणि इथे कुणी हात देणार नाही, असं वाटलं. तेवढ्यात फरशीवर काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला. एगोन. माझा हवामानवाला नवरा. पहिल्या रांगेतली जड ओकची खुर्ची त्यानं स्वतः ओढत आणली, सगळ्यांच्या देखत राणीकडे पाठ करून, आणि माझ्या मागे ठेवली. घाम फुटला होता त्याला.

"बस, ओटिलिए," तो म्हणाला.

राणी उभी असताना मी बसले. पाठ टेकून बसले. बाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लागलं तेव्हा ते माझ्या मांडीवर होतं.

२० फेब्रुवारी

अंगात ताप आहे. मूल कुशीत आहे. दारावर दोनाचे चार शिपाई केले आहेत. मी दार उघडलं की चौघांनाही सलामी द्यावी लागते. आज मी कामाशिवाय बऱ्याच वेळा दार उघडलं.

२५ फेब्रुवारी

आठवडाभर पलीकडे खल चालला होता. उशी तर राणीच्या हातात होती, मग मूल कुणाचं? जुनी माणसं म्हणत होती, उशी तिथे मूल. शेवटी प्रकरण महाराजांपुढे गेलं. त्यांनी फादरना एवढंच विचारलं म्हणे, पाणी लागलं तेव्हा पोर कुणाच्या अंगावर होतं? फादर म्हणाले, आईच्या. महाराज म्हणाले, मग आईचं. आणि किल्ली देत बसले.

पण फुकट काही मिळत नाही. विटाळात उंबरा ओलांडला आणि राणीसमोर बसले, म्हणून मला दरबार बंद. आम्ही तिघांनी तळ्याकाठच्या शिकारघरात राहायचं, परत बोलावतील तेव्हा यायचं. एगोनची पलटण काढून घेतली. ते सांगताना त्याचा आवाज बदलला, आणि मला पहिल्यांदाच त्याची कीव न येता अभिमान वाटला. मग म्हणाला, तळ्यावर हवेच्या नोंदी चांगल्या घेता येतील. असो.

क्रेशेन्सला आज घरी पाठवलं. म्हटलं, जा, शेळीला सुट्टी दे. ती रडली, मीही रडले. गाडीत चढताना म्हणाली, "आता डोंगरात बी सांगते समद्यांस्नी, घोड्यावरचं शिपाई आलं तरी न्हाई म्हनता येतं."

थेक्लाबाईंना मला न अडवल्याबद्दल घरी बसवलं. मला जरा वाईट वाटलं. नियमाप्रमाणे त्यांना अडवता येतच नव्हतं, ते त्या बिचारीचं खरंच होतं. पण संध्याकाळी कळलं की त्यांनी आपण होऊन आमच्याबरोबर शिकारघरात यायची परवानगी मागितली आहे. म्हणजे हेरगिरी तिथेही! मी एगोनला म्हटलं, साफ नाही म्हण. तो माझ्याकडे बघून हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. काय एवढं हसण्यासारखं आहे ते सांगेना. वर त्यानं होच म्हणून टाकलं.

२ मार्च

सामान बांधून झालं. उद्या निघायचं. दुपारी मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा दार उघडलं. सासूबाई. एकट्या. बरोबर बाई नाही, नोकर नाही. मी उठले नाही. त्यांनी ते पाहिलं आणि काही म्हटलं नाही.

खिडकीपाशी उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "मी एगोनला कधी हातात घेतलं नाही. तो रविवारी यायचा. वाकून नमस्कार करायचा. मी मान हलवायची. मग त्याला घेऊन जायचे."

राग तर होताच, तो काही असा एका वाक्यानं जात नाही. मी म्हटलं, "हे सगळं माहीत असून माझ्याशी तसंच वागायला निघालात?"

"मला वाटलं, आता माझी पाळी आली."

"तुमची पाळी एगोनच्या वेळी होती. ती ज्यांनी हिरावली त्या कधीच्या गेल्या. त्यांची वसुली माझ्याकडून नाही होणार, आई."

आई कसं तोंडातून गेलं ठाऊक नाही. त्यांना आई म्हणण्याची इथे पद्धत नाही, एगोनसुद्धा म्हणत नाही. त्या खिडकीपासून वळल्या. मग हळूच विचारलं, "थोडा वेळ?"

मी विचार केला. खरं सांगायचं तर नाही म्हणावंसं वाटत होतं. मग म्हटलं, हातमोजे काढा.

त्यांनी काढले. हात माझ्यासारखेच होते, थोडे सुरकुतलेले. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या, आणि दोन्ही हात सरळ पुढे पसरले. मी म्हटलं, असं नाही, कोपर आत घ्या, डोकं इथे येतं, आणि घाबरू नका, तो मोडत नाही. मी त्याला त्यांच्या हातात दिलं, पण पाऊलभरही मागे सरकले नाही. त्या श्वास रोखून बसल्या होत्या. त्यानं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, आठी घातली आणि भोकाड पसरलं.

मी हात पुढे केले. त्यांनी लगेच दिलं नाही. क्षणभर मला वाटलं, पुन्हा लढावं लागणार, आणि मी तयारही होते. मग त्यांनी त्याला आपण होऊन उचललं आणि माझ्या हातात ठेवलं.

"भूक लागली आहे त्याला," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोरच त्याला अंगावर घेतलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही. त्याचं पोट भरेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.